प्रेमात पडलेल्या मुलावर कोण संशय घेणार?

सतरा वर्षांचा लाइट यागामी शाळेतून घरी येतो, खोलीत जातो आणि लपवून ठेवलेलं एक मासिक काढून चाळत बसतो. मासिक तोकड्या कपड्यांतल्या मुलींच्या फोटोंचं आहे. आपल्या माघारी खोलीत कुणीतरी शिरून कॅमेरे लावून गेलंय, हे त्याने दारात अडकवून ठेवलेल्या कागदाच्या कपट्यासारख्या खुणांवरून ओळखलेलं असतं. पुढे त्याच्यासोबतचा मृत्युदेव र्‍युक ते कॅमेरे मोजतो, तेव्हा ६४ भरतात. पलीकडे पडद्यासमोर दोघे जण बसलेत : जगातला सर्वांत हुशार समजला जाणारा गुप्तहेर एल, आणि खुद्द लाइटचे वडील, पोलीस अधिकारी सोइचिरो यागामी. आपला गुणी मुलगा असलं काही बघतो हे पाहून वडील ओशाळतात. या वयात हे चालायचंच, असं एल म्हणतो. पण त्याला एक शंकाही येते. दारात अडकवलेल्या कागदाच्या कपट्याला काहीतरी कारण हवं, म्हणून तर हे मासिक दाखवलं जात नसेल?

शंका बरोबर असते. मासिक हा बनाव आहे. ‘डेथ नोट’ या मालिकेच्या क्विअर वाचनांची सगळी भानगड खरं तर या एका प्रसंगात आलेली आहे, आणि तरीही वीस वर्षं वाद घातला गेला तो भलत्याच प्रश्नावर : लाइट समलिंगी आहे की नाही?

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ओबा त्सुगुमी या टोपणनावाच्या लेखकाने लिहिलेली आणि ओबाता ताकेशी यांनी चितारलेली ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, डिसेंबर २००३ ते मे २००६ या काळात ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात आली. १०८ प्रकरणं, १२ खंड. आराकी तेत्सुरो यांच्या दिग्दर्शनाखाली मॅडहाउस स्टुडिओने केलेली ३७ भागांची अ‍ॅनिमे ऑक्टोबर २००६ ते जून २००७ मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. लाइटला एक वही सापडते. चेहरा डोळ्यांपुढे आणून तिच्यात ज्याचं नाव लिहावं, तो माणूस मरतो. लाइट आधी गुन्हेगारांना मारू लागतो, मग आड येईल त्याला. जग या अज्ञात मारेकऱ्याला ‘किरा’ म्हणू लागतं. एल त्याच्या मागावर आहे, आणि एलच्या तपास पथकात लाइटचे वडील आहेत. म्हणजे ज्याच्यापासून लपायचं तो जेवणाच्या टेबलावर समोर बसलेला.

लपण्यासाठी लाइट काय काय वापरतो ते नीट पाहावं. अमेरिकेच्या एफबीआयचा माणूस पाठलाग करतोय हे कळल्यावर तो एका मुलीला घेऊन फिरायला निघतो. मुलगी, बस, सुट्टीची सहल. पाठलाग करणाऱ्याला दिसतं ते एवढंच, आणि त्याच बसमध्ये लाइटने आधीच वहीत लिहून ठेवलेला दरोडेखोर चढतो. गोंधळात एजंट आपलं ओळखपत्र दाखवतो आणि त्याचं नाव लाइटच्या हाती लागतं. पुढे दुसरी किरा, मॉडेल मिसा आमाने, थेट घरी येऊन त्याच्यावर प्रेम जाहीर करते. तेव्हा लाइटचं उत्तर हिशेबाचं असतं : मी एकट्या तुझ्याबरोबर दिसलो तर तू नजरेत भरशील, म्हणून मी इतर मुलींबरोबरही फिरणार. एक प्रेयसी लपवायला चार प्रेयसी. त्या चारांतली एक म्हणजे विद्यापीठातली कियोमी ताकादा. ती काही वर्षांनी वृत्तनिवेदिका होते आणि लाइटला पुन्हा उपयोगी पडते. हॉटेलच्या खोलीत दोघं भेटतात. खोलीत पोलिसांनी आवाज टिपणारी यंत्रं बसवलेली असतात, त्यामुळे तोंडाने गोड बोलणं चालू असतं आणि त्याच वेळी कागदाच्या चिठ्ठ्यांवर खरा कारभार. ऐकणाऱ्यांसाठी प्रेमप्रकरण, कागदावर खुनांचं नियोजन. हा प्रसंग मला संपूर्ण मालिकेत सर्वांत चलाख वाटतो. भिन्नलिंगी प्रेम इथे शब्दशः ध्वनिमुद्रणासाठी केलेला प्रयोग आहे.

प्रत्येक वेळी हा प्रयोग यशस्वी का होतो? एल सोडला तर त्यावर कुणी प्रश्नच विचारत नाही. तपास पथकात घरदार असलेले पुरुष आहेत. आइझावासारख्याची तर बायकोमुलं आणि तपास यांत ओढाताण होते. त्यांच्या दृष्टीने मुलगा मुलीबरोबर दिसला की तो मार्गी लागलेला असतो. अमेरिकन कवयित्री अ‍ॅड्रिएन रिच यांनी १९८० च्या आपल्या गाजलेल्या निबंधात भिन्नलिंगी असणं ही समाजाने लादलेली सक्ती आहे, अशी मांडणी केली होती. ‘डेथ नोट’ त्या सक्तीची दुसरी बाजू दाखवते : सक्ती पाळणाऱ्याला बक्षीस मिळतं, आणि ते बक्षीस म्हणजे कुणी चौकशी करत नाही. आपल्याकडेही ‘लग्न लावून द्या, पोरगा ताळ्यावर येईल’ असं म्हणणाऱ्यांना मुलाच्या मनात काय आहे हे कळायला नको असतं. त्यांना प्रश्न मिटलेला हवा असतो. सोइचिरो यागामी मरतो तोही असाच, मुलगा निर्दोष आहे याची खात्री होऊन, समाधानाने. त्या खात्रीमागे वहीचा एक नियम असतो : मृत्युदेवाचे डोळे घेतलेल्या माणसालाही वहीच्या मालकाचं उरलेलं आयुष्य दिसत नाही. ते डोळे घेतलेल्या बापाला मुलाचं आयुष्य दिसतं, कारण त्या क्षणी वही मुलाच्या मालकीची नसते. पण बापाने विश्वास ठेवायची तयारी कित्येक वर्षं आधीच केलेली होती.

मुखवट्याचा हा विषय जपानी साहित्याला नवा नाही. मिशिमा युकिओंच्या १९४९ च्या ‘मुखवट्याचा कबुलीजबाब’ या कादंबरीतला निवेदक पुरुषांकडे ओढला जातो आणि मित्राच्या बहिणीवर, सोनोकोवर, प्रेम करण्याची कसून तालीम करतो. त्याचा मुखवटा स्वतःलाही फसवू पाहतो. लाइटला स्वतःला फसवायची गरज वाटत नाही, म्हणून तो मिशिमाच्या निवेदकापेक्षा थंड आहे. पण दोघांचं तंत्र एकच आहे. मुलीशी कसं वागायचं हे दोघांना तोंडपाठ आहे आणि दोघांचाही जीव त्यात नाही.

आता लाइट आणि एल. वाचकांनी, मुख्यतः जपानी स्त्री-वाचकांनी, या जोडीत प्रेम पाहिलं त्यात नवल काहीच नाही. मुलांच्या साप्ताहिकातल्या नायक-प्रतिस्पर्ध्यांची जोडी जमवून हौशी पुस्तिका काढायची परंपरा १९८० च्या दशकात ‘कॅप्टन त्सुबासा’ या फुटबॉलच्या मांगापासून जोमात होती. टोकियोच्या कोमिकेत जत्रेत, १९७५ पासून, असल्या पुस्तिकांची देवाणघेवाण चालत आलेली. त्यामुळे ‘शोनेन जंप’मध्ये एक देखणा खुनी आणि एक अनवाणी, उकिडवा बसणारा, मिठाई खाणारा गुप्तहेर आल्यावर पुढचं ओघानेच झालं.

मूळ कथानकानेही हात आखडता घेतलेला नाही. लाइटवर नजर ठेवायची म्हणून एल त्याच्या आणि स्वतःच्या मनगटात बेड्या घालतो आणि चोवीस तास बरोबर राहतो. लाइट हा आपला पहिला मित्र आहे, असं तो एकदा सांगतो. बेड्यांसकट ‘डेट’ला हजर राहिलेल्या एलला मिसा वैतागून विचारते, तू तसल्यांपैकी आहेस का? आपल्याला हौस नाही, असं एल निर्विकारपणे सांगतो. वाचकांच्या मनातली शंका लेखकाने पात्राच्या तोंडी घातली आणि विनोद म्हणून सोडून दिली. ही जुनी युक्ती आहे. हसून घेतलं की गोष्ट गंभीरपणे विचारायची सोय उरत नाही.

साहित्यसमीक्षक ईव्ह कोसॉफ्स्की सेजविक यांच्या १९८५ च्या ‘बिट्वीन मेन’ या पुस्तकात दोन पुरुष आणि मधली स्त्री अशा त्रिकोणाची मीमांसा आहे. स्त्रीवरून चाललेल्या चढाओढीत खरं घट्ट नातं दोन पुरुषांमध्येच बांधलं जातं, असा त्यांचा मुद्दा. एल मिसाला पकडतो ते लाइटपर्यंत पोचण्यासाठी. लाइट मिसाला जवळ ठेवतो तो तिच्या मृत्युदेवाच्या डोळ्यांसाठी, ज्यांनी एलचं खरं नाव कळू शकतं. दोघेही मिसाकडे पाहत नाहीत. तिच्यावरून एकमेकांकडे पाहतात. सिद्धान्त आणि कथा इतके चपखल बसतात की थोडं सावध व्हावंसं वाटतं. कारण सेजविकच्या चौकटीत बसणार नाही अशी दोन पुरुषांच्या स्पर्धेची कथा शोधायला गेलं तर ती सहज सापडणार नाही.

म्हणून मला मांगा आणि अ‍ॅनिमे यांच्यातला फरक महत्त्वाचा वाटतो. पंचविसाव्या भागात एल मरतो त्याच्या थोडं आधी पावसाचं दृश्य आहे. एल गच्चीवर भिजत उभा, त्याला घंटा ऐकू येतायत. आत आल्यावर तो जिन्यात लाइटच्या पायाशी बसून त्याचे पाय पुसतो, दाबतो. लाइट त्याचे ओले केस टिपतो. आपली लवकरच ताटातूट होणार, असं एल म्हणतो. यातलं काहीही मांगात नाही. शेवटही वेगळा आहे. मांगातला लाइट मरताना र्‍युकपाशी जिवाची भीक मागतो, केविलवाणा होतो. अ‍ॅनिमेतला लाइट जखमी अवस्थेत पळतो, गोदामात जिन्यावर पडतो आणि मरता मरता त्याच्यासमोर एल उभा दिसतो. म्हणजे लाइट-एल प्रेमकथेचा सर्वांत भक्कम पुरावा ओबांनी लिहिलेला नाहीच. तो आराकींच्या चमूने केलेल्या वाचनातून आला. अ‍ॅनिमे स्वतःच मांगाचं एक क्विअर वाचन आहे, असं म्हटलं तर ते ओढूनताणून होणार नाही. ख्रिस्ताने शिष्यांचे पाय धुतले त्या प्रसंगाची छाया तिथे आहे हे मान्य, पण त्यामुळे देहाची जवळीक पुसली जात नाही.

अशा वाचनांवर आक्षेप जपानमध्येच, ‘डेथ नोट’च्या खूप आधी घेतला गेला होता. १९९२ मध्ये समलिंगी कार्यकर्ते सातो मासाकी यांनी एका छोट्या स्त्रीवादी पत्रिकेत पुरुष-पुरुष प्रेमाच्या मांगा रचणाऱ्या स्त्रियांवर कडक टीका केली. खऱ्या समलिंगी पुरुषांशी यांना देणंघेणं नाही, आम्ही यांच्या करमणुकीचं साधन आहोत, असा त्यांचा रोख होता. त्यावर बरीच वर्षं चर्चा चालली. त्यातून जपानी अभ्यास पुढे गेला तो मिझोगुची आकिको यांच्यासारख्या संशोधकांपर्यंत. त्यांच्या २०१५ च्या पुस्तकात या साहित्यप्रकाराकडे स्त्रियांनी आपसांत इच्छा आणि समाज यांविषयी बोलायची जागा म्हणून पाहिलेलं आहे. सातोंचा राग मला समजतो, आणि लाइटच्या बाबतीत तो जास्तच लागू पडतो. लाइट-एलच्या पुष्कळ चाहत्या-वाचनांत प्रेम आहे, विरह आहे, बेड्या आहेत. पण लपून जगणाऱ्या माणसाची रोजची कसरत नाही. दाराला लावलेला कागदाचा कपटा त्यात नाही.

इथे एक प्रसंग, जो मला या साऱ्या वादात निर्णायक वाटतो. किरा आपण नाही हे सिद्ध करायला लाइट स्वतःहून कोठडीत जातो, पन्नासहून अधिक दिवस राहतो, आणि दरम्यान वहीची मालकी सोडतो. नियमानुसार वहीबद्दलच्या आठवणी पुसल्या जातात. बाहेर येतो तो वेगळा मुलगा : न्यायप्रिय, सरळ, थोडा बाळबोध. एल त्याला सुचवतो, मिसाच्या जवळ जा, तिच्याकडून माहिती काढ. हा लाइट साफ नकार देतो. एका मुलीच्या भावनांशी खेळणं त्याला किळसवाणं वाटतं. शिवाय मिसा आपल्या प्रेमात का आहे, हेही त्याला कळत नाही. तिच्याबद्दल तसलं काही वाटतही नाही.

लेखकाने नकळत एक प्रयोगशाळा उभी केली आहे. लपवायचं गुपित काढून घेतलं, तर मुलींबद्दलचा सगळा उत्साह त्याच्याबरोबर निघून जातो. उरतो तो मनगटाला बांधलेला एल, आणि त्याच्याबरोबरचं काम, ज्यात लाइट अख्ख्या मालिकेत सर्वांत सुखी दिसतो. याचा अर्थ तो समलिंगी आहे असा काढणाऱ्यांना मी अडवणार नाही. पण संहितेच्या पुराव्यावर तोलायचं तर अलैंगिक वाचन अधिक जड भरतं. लाइटला कुणाच्याही देहाची ओढ असल्याची खूण कुठे नाही. त्याला ओढ आहे ती जिंकण्याची आणि देव होण्याची. हे वाचन कमी बोललं जातं याचं कारण उघड आहे. त्यात विरह नाही आणि जोडी नाही, त्यामुळे त्याच्या पुस्तिका निघत नाहीत.

आणि तरीही प्रश्न सुटत नाही. त्याची ओढ कुठेही असो, ढाल म्हणून त्याने जे निवडलं ते भिन्नलिंगी प्रेमच का? अभ्यासू मुलाला अभ्यासाचं निमित्त पुरलं असतं. तो देशातला अव्वल विद्यार्थी आहे, तोओ विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत पहिला आला आहे. पण हुशारीने संशय वाढतो, एलच्या मनात तो तसाच वाढतो. मुलींनी संशय कमी होतो. लाइट समाजाची ही खोट अचूक ओळखतो, आणि क्विअर वाचनाचं खरं घबाड मला इथे दिसतं.

या वाचनात एक धोका आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. लाइटचं गुपित खून आहे. त्याच्या लपण्याला समलिंगी माणसाच्या लपण्याचं रूपक मानलं की ‘लपणारा समलिंगी म्हणजे छुपा खुनी’ हे जुनं भूत दाराशी उभं राहतं. हिचकॉकच्या १९४८ च्या ‘रोप’मध्ये दोन तरुण केवळ आपली बौद्धिक श्रेष्ठता सिद्ध करायला वर्गमित्राचा खून करतात. मूळ नाटक १९२९ चं, आणि त्यामागे १९२४ च्या शिकागोतल्या लेओपोल्ड-लोब खटल्याची सावली. त्या दोघांचं नातं पडद्यावर कुणी उच्चारत नाही, पण प्रेक्षकाला कळावं असं ते रचलेलं आहे. व्हितो रुस्सो यांनी १९८१ च्या ‘द सेल्युलॉइड क्लॉझेट’मध्ये हॉलिवुडने समलिंगी पात्रांना खुनी, वेडे किंवा मृत करण्याची जी लांबलचक यादी दिली, तिच्यात लाइटला सहज जागा मिळेल. चाहते म्हणतात, खलनायकावर प्रेम करणं हाच प्रतिकार. कधी कधी असेलही. पण लाइट मारतो त्यांतले बहुतेक गुन्हेगार असतात, आणि त्याला वाटतं जग त्यामुळे शुद्ध होतं. शुद्धीची ही भाषा नेमक्या कुणाच्या विरुद्ध वापरली जाते, हे क्विअर वाचकाने तरी विसरू नये.

रूपांतरांनी या प्रश्नाला दिलेली उत्तरं समीक्षकांच्या उत्तरांइतकीच बोलकी आहेत. २०१५ च्या जपानी मालिकेतला लाइट साधा विद्यार्थी आहे, आणि मिसाच्या गायन-गटाचा चाहता. म्हणजे मुलगी त्याला मुळातच आवडते. नेटफ्लिक्सच्या २०१७ च्या अमेरिकन चित्रपटात तर लाइट आणि मिआ यांचं खरंखुरं, तापलेलं प्रेम आहे. दोन्ही ठिकाणी ढालीची गरज संपते आणि लाइट एकदम सपाट होतो. बतावणी काढून घेतली की पात्रात फारसं काही उरत नाही, हे या दोन फसलेल्या प्रयत्नांनी दाखवून दिलं.

याच्या उलट २००६ चे दोन जपानी चित्रपट, दिग्दर्शक कानेको शुसुके. त्यांनी मूळ कथेत नसलेली एक मैत्रीण लाइटला दिली, शिओरी. पहिल्या चित्रपटाच्या शेवटी लाइट वहीचा वापर करून तिचाच मृत्यू घडवून आणतो, म्हणजे प्रेयसी गमावलेला, शोकाकुल तरुण म्हणून त्याला तपास पथकात प्रवेश मिळतो. मासिक, सहल, हॉटेल या साऱ्यांच्या पुढची ही पायरी आहे : प्रेम दाखवून भागत नाही, तेव्हा शोक दाखवायचा. कानेको यांच्याकडून हे येणं योगायोग नसावा. त्यांनी १९८८ मध्ये ‘१९९९ ची उन्हाळी सुट्टी’ हा चित्रपट केला होता. हागिओ मोतो यांच्या ‘थॉमसचं हृदय’ या मांगावर तो सैलपणे बेतलेला होता, आणि त्यात वसतिगृहातल्या, एकमेकांच्या प्रेमात असलेल्या मुलांच्या भूमिका मुलींनी केल्या होत्या. प्रेम हे वेशांतर करून वावरतं, हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

शिओरीचं मरण मात्र आणखी एका गोष्टीकडे बोट दाखवतं, जिच्याकडे लाइटची क्विअर वाचनं बहुधा पाठ फिरवतात. ढाल म्हणून वापरलेल्या या मुली कोण आहेत? बसमधली मुलगी नंतर कथेतून पुसली जाते. मृत्युदेवाच्या डोळ्यांसाठी मिसा आपलं उरलेलं आयुष्य दोनदा निम्मं करून देते. ताकादाचं नाव वहीत खुद्द लाइट लिहितो, आणि ती स्वतःला पेटवून घेऊन मरते. लाइट-एलच्या चाहत्यांमध्ये मिसाला मूर्ख, चिकट, आडवी येणारी म्हणून झटकून टाकायची सवय मोठी आहे. या बाबतीत ते लाइटच्याच डोळ्यांनी तिच्याकडे पाहतात : माणूस नव्हे, अडथळा. तिचे आईवडील एका दरोडेखोराने मारले आणि किराने त्याला शिक्षा केली, म्हणून ती किराकडे आली. तिच्या प्रेमाला निदान कारण तरी आहे.

आणि मिसावर खरं प्रेम करणारं कुणी या कथेत असेल, तर ती रेम, तिच्यासोबतची मृत्युदेव. मृत्युदेवाने एखाद्या माणसाचा जीव वाचवायला दुसऱ्याला मारलं तर तो स्वतः राख होतो, हा वहीचा नियम. गेलस नावाचा एक मृत्युदेव मिसासाठी असाच मेला आणि त्याची वही रेमकरवी मिसाला मिळाली. रेमला हे सगळं माहीत आहे. तरीही ती लाइटला बजावते, मिसाला काही झालं तर तुला मारीन. लाइट या प्रेमाचंच हत्यार करतो. मिसा पकडली जाईल अशी वेळ तो आणतो, आणि रेम एलचं नाव वहीत लिहून राख होते. मालिकेच्या अधिकृत मार्गदर्शक खंडात रेमची नोंद स्त्री म्हणून आहे. कुणालाही दाखवायला न केलेलं, ढाल नसलेलं हे या कथेतलं प्रेम दोन स्त्रीपात्रांमधलं आहे, आणि लाइट-एलवर जेवढी शाई खर्च झाली तिच्या मानाने रेम-मिसाच्या वाट्याला काहीच आलेलं नाही. कानेकोंच्या दुसऱ्या चित्रपटात रेमला आवाज दिला तो इकेहाता शिन्नोसुके, म्हणजे पीटर यांनी. मात्सुमोतो तोशिओंच्या १९६९ च्या ‘गुलाबांची अंत्ययात्रा’मध्ये टोकियोच्या गे बारमधली एडी साकारणारे हेच ते नट. ही निवड करणाऱ्याने रेमला नीट वाचलं होतं.